घासलेलीच हवी

सकाळी ८:४०

टेम्पो गल्लीच्या तोंडाशी अडकलाय. आत कोणाची तरी स्कूटर आडवी लावलेली. व्हिडिओ गेमची मशीन कुर्ल्याहून आली आहे, भंगारवाल्याकडून, साडेतीन हजाराला. टेम्पोचे ९००. दोन हमाल, दोनशे-दोनशे. मामा खिशातल्या नोटा दोनदा मोजून देतात. पान्याला हात लागायच्या आधीच ४,८०० गेले.

गाळा ग्रँट रोडला, चाळीच्या तळमजल्यावर. दहा बाय चौदा. मामांचं वय एकसष्ट. आधी टीव्ही दुरुस्त करायचे, मग व्हिडिओ गेम पार्लरच्या मशिनी. पार्लरं बंद पडली, तेव्हापासून येईल ते. मिक्सर, इन्व्हर्टर, गणपतीतले अ‍ॅम्प्लिफायर. गल्ली त्यांना मामा म्हणते, म्हणून मीही.

हमाल मशीन आडवी करायला जातात.

"उभीच आणा रे! ट्यूब आहे आत."

नव्वद किलो तरी असेल. उंबऱ्याशी खालचा कोपरा घासतो आणि प्लायवूडचा तुकडा गळून पडतो. मामा तो उचलून खिशात टाकतात. का, ते मी विचारत नाही.

९:१५

अर्धा तास कोणी काही करत नाही. कटिंग येतो. मामा स्टुलावर बसून मशीनकडे बघतात.

"काय बघताय?"

"पाणी."

खाली दीड फुटावर मातकट रेघ आहे, चारी बाजूंनी सारखी. रेघेखालचं प्लाय खारी बिस्किटासारखं थराथरानं सुटलंय. "सव्वीस जुलै," मामा म्हणतात. २००५. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदी कुर्ल्यात लोकांच्या घरांत शिरली. ही तिथेच कुठेतरी उभी असणार.

वरचा भाग धड आहे. बाजूला लाल सनमायका, मनगटांच्या उंचीवर घासून पांढरा झालेला. समोरच्या पाटीवर बटणांची भोकं तीन जणांची, पण तिसऱ्याची लाकडाच्या गोल चकत्यांनी बुजवलेली. नाणं टाकायची फट नाहीच. त्याऐवजी उजव्या कडेला किल्लीचं कुलूप. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी असंच चाले. पोरगा गल्ल्यावर रुपया द्यायचा, मालक किल्ली फिरवून एक डाव चढवायचा. मशीनवर मालकाचा विश्वास होता, पोरांवर नव्हता.

१०:१०

मागची फळी निघते. चार स्क्रूंपैकी दोन खिळेच निघाले. आत झुरळांची अंडी, धूळ, बसचं तिकीट, एक पितळी वॉशर. मदतनीस पोरगा ब्लोअर लावतो. बावीस वर्षांचा आहे, रोज ७०० घेतो. असल्या मशीनवर तो कधी खेळलेला नाही.

"थांब. आधी डिस्चार्ज."

ट्यूबच्या डोक्यावर लाल रबरी टोपी असते. चालू असताना तिथे वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात, आणि बंद केल्यावरही काही काळ ते तिथेच बसून राहतात. मामा लांब स्क्रूड्रायव्हरला वायर बांधतात, वायरचं दुसरं टोक ट्यूबभोवतीच्या अर्थच्या पट्टीला. डावा हात पाठीमागे. टोक टोपीखाली सरकवतात. काहीच होत नाही. "वर्षानुवर्षं बंद आहे," मामा म्हणतात. तरी पुन्हा एकदा करतात.

१०:५०

आता खरी गंमत. मामा बॅटरी काचेवर तिरकी धरतात आणि मला बोलावतात. बंद ट्यूबवर फिकट तपकिरी रेघा दिसतात. कोपरे, गल्ल्या, मध्ये एक चौकोन. पॅकमॅनचा भूलभुलैया. एकच चित्र वर्षानुवर्षं चालू राहिलं की आतलं फॉस्फर तेवढ्या जागी झिजतं, आणि चित्र काचेत कायमचं उतरतं. पण हा भूलभुलैया आडवा पडलेला आहे.

पॅकमॅन १९८० चा. त्याचा पडदा उभा असतो. नंतर कोणीतरी तीच ट्यूब काढून नव्वद अंशांत फिरवली आणि या खोक्यात बसवली.

आतलं बोर्ड मुस्तफाचं. खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स', कॅपकॉमचा १९९३ चा खेळ, पण आपल्याकडे ते नाव कोणी घेतलं नाही. चौघांतला टोपीवाला मुस्तफा पोरांना आवडला, खेळ त्याच्या नावावर झाला. तळाशी एक फळी आहे, तिच्यावर प्लेस्टेशनच्या मापाची खाच, आणि वायर जाण्यासाठी आरीनं कापलेलं वेडंवाकडं भोक. फळी दीड फुटाच्या खाली असून चिखलाचा डाग नाही. म्हणजे ती पुरानंतरची.

मामा बोटांवर मोजतात. ट्यूब एका मशीनची. खोकं दुसरीचं. बोर्ड तिसरं. प्लेस्टेशन चौथं. "लोक म्हणतात, पहिल्यासारखी करून द्या. कितव्या पहिल्यासारखी?"

११:३०

बोर्ड बाहेर. मामा भिंग लावतात. नकली आहे, चिपांवरचे नंबर घासून काढलेत. मला वाईट वाटतं, मामांना नाही. या खेळाच्या अस्सल बोर्डात एक बॅटरी असते, तिच्यावर आवाजाच्या चिपची गुप्त किल्ली जिवंत राहते. बॅटरी मेली की किल्ली गेली. नकल करणाऱ्यांनी ते कुलूपच उडवलं. म्हणून अस्सल बोर्डं मरून पडलीत आणि हे तीस वर्षांचं चोरटं अजून धुगधुगतंय.

बोर्डाच्या कडेला सोनेरी पट्ट्या असतात, एका बाजूला २८, दुसऱ्या बाजूला २८. ही जामा पद्धत, १९८५ पासूनची, जपानची. तारांचा झुबका एकदा जोडला की कुठलंही जामा बोर्ड घाला, चालतं. पार्लरवाले जुना खेळ काढून नवा घालायचे तो याच जोरावर. दहा मिनिटांचं काम. कमाई पडली की बोर्ड बदल, खोकं तेच.

पोरगा पट्ट्या खोडरबरनं घासतो. शाळेतलाच खोडरबर, ५ रुपये.

१२:२०

मामा एकदम गप्प होतात. तळाशी एक स्वच्छ चौकोन आहे, चार भोकांसकट. भोवती धूळ, आत नाही.

"आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर होता. तांब्यासाठी काढून विकलाय."

आपल्याकडच्या मशिनींत टीव्हीची चासी वापरायचे. टीव्हीची रेषांची गती सेकंदाला १५,६२५, या खेळांचीही जवळपास तेवढीच, म्हणून जमायचं. पण ती चासी थेट मेन्सवर असते. टीव्हीला लाकडी नाहीतर प्लॅस्टिकची पेटी, कोणी हात लावत नाही. इथे जॉयस्टिकचा लोखंडी दांडा पोराच्या मुठीत. मध्ये ट्रान्सफॉर्मर नसला तर चटका, आणि पाय ओले असले तर चटक्यापेक्षा जास्त.

"बाकी काही करीन न करीन," मामा म्हणतात, "हा नाही घातला तर प्लग लावणार नाही."

१:३०

डबा. भेंडी, चपाती. पोरगा वडापाव आणतो, मला एक.

२:००

लॅमिंग्टन रोड चालत सहा मिनिटं. पाऊस भुरभुर. ट्रान्सफॉर्मर १,८५०. दुकानदार दोन हजार म्हणाला होता, मामांनी उचलून वजन बघितलं आणि खाली ठेवला, तेव्हा उतरला. मायक्रोस्विच १५ ला एक, सहा घेतले. डायोड २ रुपयाला एक, चार. अर्थची वायर आणि तीन पिनी प्लग १२०. नवे दांडे आणि बटणांचा पूर्ण सेट २,९००. मामा तो हातात घेतात, दांडा चारी बाजूंना हलवून बघतात, ठेवून देतात.

३:१०

सिरीज बल्ब. भिंतीवर शंभर वॉटचा पिवळा बल्ब, त्याच्यातून लाइन आधी खाली तात्पुरत्या जोडलेल्या नव्या ट्रान्सफॉर्मरला, मग मशीनला. आत शॉर्ट असेल तर बल्ब जळत राहतो, मशीन वाचते. बटण दाबलं. बल्ब लख्ख पेटला आणि तसाच राहिला.

मीटर लागतो. पाचव्या मिनिटाला सापडतं. लाइन जिथे आत शिरते तिथल्या चार डायोडपैकी एक आरपार गेलाय. मामा चारही बदलतात. ८ रुपये. दुकानातच घेऊन ठेवले होते. कसे काय, म्हणून विचारलं तर म्हणतात, "पुरातून आलेली मशीन. पहिलं तेच जातं."

पुन्हा बटण. बल्ब भपकन पेटून मंद झाला. ट्यूबच्या मानेत केशरी ठिणगीएवढा उजेड. सूंऽऽ असा आवाज. "दमट हवा. सुकेल." पोरगा हेअर ड्रायर धरतो.

बोर्डाला पाच व्होल्ट लागतात, मिळतात साडेचार. पॉवर सप्लायचा प्रीसेट केसभर फिरवला. पाच पूर्णांक एक दशांश.

चित्र आलं. निळंहिरवं. लाल रंग चार मिनिटांनी उठला, आजारी माणसासारखा. मग रस्ता, गाडी, डायनासोर. मागे आडवा पॅकमॅन, बघितलं तरच दिसतो.

पोरगा खेळायला लागतो. पहिल्याच गल्लीत मरतो. दांडा उजवीकडे जात नाही. मामा दोन मायक्रोस्विच बदलतात. पोरगा पुन्हा मरतो, पण आता त्याच्या चुकीनं.

४:२५

सुतार आलाय. मामांच्या पाकिटाच्या पाठीवर हिशेब सुरू. नवं प्लाय ३,८००. सुताराचे दोन दिवस २,६००. सनमायका २,४००. दांडे-बटणं २,९००. ट्रान्सफॉर्मर १,८५०. वरची उजेडाची पाटी ७००. एकूण १४,२५०. आधीचे ४,८०० मिळवा. एकोणीस हजार पन्नास.

आणि गिऱ्हाईक? कॅफेवाल्यांना एलसीडी हवा, हजारभर खेळांची आयती चिनी पेटी हवी. ट्यूबची त्यांना भीती वाटते. नवी ट्यूब बाजारात येत नाही, ही गेली तर गेली.

"तोडून टाक," सुतार म्हणतो. "ट्यूब ठेव, बोर्ड ठेव. खोकं सरपण."

मामा सकाळचा तुकडा खिशातून काढून त्याच्या हातावर ठेवतात. सुतार नखानं खरवडतो, वास घेतो. "वरचं प्लाय चांगलं आहे. हल्ली असं येत नाही."

५:०५

फोन. मालिकेच्या आर्ट डिपार्टमेंटमधली मुलगी. गोरेगावला सेट लागलाय, गोष्ट १९९६ ची, गल्लीतलं पार्लर दाखवायचंय. सोमवारी हवी. तीन दिवस, रोज ३,०००, टेम्पो त्यांचा. मामांनी फोटो पाठवला होता.

"रंग मारू का? नवा सनमायका?"

फोन स्पीकरवर आहे. ती जवळजवळ ओरडते. "नको नको, काका! घासलेलीच हवी. आम्हाला घासायला माणूस लावावा लागतो."

"चालू हवी?"

"चालू असेल तर छानच. नसली तरी चालेल."

मामा माझ्याकडे बघतात. दिवसभर आपण काय केलं, असं काहीतरी त्या बघण्यात आहे. मग फोनमध्ये म्हणतात, "चालूच देतो. पण प्लेस्टेशनचं भोक बुजवावं लागेल. ते ९६ चं नाही."

६:३०

निर्णय झालेला आहे, कोणी तो मोठ्यानं बोललेलं नाही. सुतार खालचे दीड फूट न तोडता आतून आधाराचे तुकडे ठोकणार. उरलेलं प्लाय ४००, अर्ध्या दिवसाचे ६५०. मातकट रेघ तशीच राहील. ती गोष्टीच्या नऊ वर्षं पुढची आहे, हे मी सांगितलं. "कॅमेरा गुडघ्याखाली जात नाही," मामा म्हणाले.

ट्रान्सफॉर्मर जुन्या चौकोनातच बसला. भोकंसुद्धा जुळली. अर्थची वायर दांड्याच्या पत्र्याला. मामा उघड्या हातानं दांडा धरून दुसरा हात ओल्या भिंतीवर टेकवतात. माझा श्वास अडकतो. काही होत नाही. ही चाचणी कोणी करू नये.

७:४०

शटर अर्धं खाली. पाकिटाच्या पाठीवर दुसरा हिशेब. डागडुजी ३,११८. आधीचे ४,८००. पोराचा रोज ७००. एकूण ८,६१८. भाड्याचे येणार ९,०००.

उरले ३८२. मामांची स्वतःची आजची मजुरी त्यात धरलेली नाही.