फायबर तुटली तरी काम चालू: राउटरवर सिमची राखीव जोडणी

सातपुड्याच्या पायथ्याला असलेल्या सोनाळ्यासारख्या गावात फायबर लांबून येते. रस्त्याच्या कामात कुठेतरी जेसीबीचा दात लागला, की नेट बंद. आणि जुलैअखेर पीक विम्याची मुदत संपत आली असेल, सेवा केंद्रापुढे रांग लागली असेल, तर? म्हणून आज आपण राउटरला मोबाईल सिमची राखीव जोडणी कशी द्यायची ते पाहू.

सिम फायबरवाल्या कंपनीपेक्षा वेगळ्या कंपनीचे घ्या. आधी ते फोनमध्ये घालून, राउटर जिथे ठेवणार तिथेच फोर-जी मिळते का ते बघा. टिनाच्या छताखाली रेंज पडते. खिडकीजवळची जागा बरी. मग सिमची जागा असलेला राउटर घ्या, किंवा आपल्या राउटरला चालणारे यूएसबी डोंगल. त्यात कंपनीचे एपीएन भरा. फायबरला पहिला क्रम द्या, सिमला दुसरा.

आता खरी गोम. बरेच जण इथेच थांबतात आणि ऐनवेळी फसतात. का? फायबर गावाबाहेर तुटते, पण घरातला मोडेम चालूच असतो. मोडेम ते राउटर केबलचा दिवा हिरवा दिसतो. राउटरला वाटते, सगळे ठीक आहे! तो सिमकडे वळतच नाही. म्हणून दिव्यावर भरवसा नको. राउटरला 'पिंग' तपासणी लावून द्या. दर १० सेकंदांनी ८.८.८.८ आणि १.१.१.१ या दोन पत्त्यांना हाक मारायची. दोन्हीकडून सलग तीनदा उत्तर नाही आले, तर सिमवर जायचे. ही हाक फायबरच्याच वाटेने गेली पाहिजे बरं का. नाहीतर सिमवरून उत्तर येईल, आणि फायबर आली असे समजून राउटर परत फिरेल. फायबर आल्यावरही पाच-सहा उत्तरे नीट येऊ द्या, मगच परत या.

सिमवर जाताना आपला नेटवरचा पत्ता बदलतो. पोर्टल पुन्हा लॉगिन मागू शकते. अर्ज मधूनमधून सेव्ह करा, आणि पैसे भरताना अडकलात तर पावती तपासल्याशिवाय दुसऱ्यांदा भरू नका. सिमवर डेटाची मर्यादा असते, म्हणून व्हिडिओ आणि अपडेट तेवढ्यापुरते बंद ठेवा.

वीज गेली तर? मोडेम आणि राउटर, दोन्ही एकाच यूपीएसवर ठेवा.

शेवटी परीक्षा. राउटरची केबल काढून पाहणे ही सोपी परीक्षा झाली. गर्दी नसलेल्या दिवशी मोडेमच्या मागची फायबर हलकेच काढा, टोकात डोळा घालू नका, टोपण लावा आणि घड्याळ बघा. अर्ध्या-एक मिनिटात नेट आले पाहिजे. हे महिन्यातून एकदा करा. त्याच दिवशी सिमचा रिचार्ज किती दिवस उरला तेही बघा. आम्ही तर म्हणू, न तपासलेली राखीव जोडणी म्हणजे हवा नसलेली स्टेपनी. गाडीत असते, पण घाटात उपयोगी पडत नाही.