पुलाच्या खांबांवरील चित्रवस्ती

अमेरिकेतील सॅन दिएगो शहरातील लोगन हाइट्स ही मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांची जुनी वस्ती. १९६०च्या दशकात महामार्गाने तिचे दोन तुकडे केले. पाठोपाठ १९६९ मध्ये खुल्या झालेल्या कोरोनाडो पुलाचे अवाढव्य खांब घरांच्या जागी उभे राहिले. पुलाखालील जमिनीवर उद्यान होईल, असे आश्वासन रहिवाशांना मिळाले होते. प्रत्यक्षात २२ एप्रिल १९७० रोजी तेथे बुलडोझर अवतरले, तेही महामार्ग पोलिसांच्या ठाण्यासाठी! विद्यार्थी, गृहिणी, मुले अशा साऱ्यांनी साखळी करून काम रोखले, जागेचा ताबा घेतला आणि तेथे झाडे लावली. अखेर सरकार नमले आणि ‘चिकानो पार्क’ साकारले.

१९७३ पासून साल्व्हादोर टोरेस आदी चित्रकारांनी खांब रंगविण्यास घेतले. रहिवाशांनीही कुंचले हाती धरले. ज्या काँक्रीटने घरे गिळली, त्यावरच अॅझटेक देवता, क्रांतिकारक झपाटा आणि शेतमजुरांचे लढे अवतरले. सुशोभीकरणाच्या नावाखाली रंगविल्या जाणाऱ्या भिंतींहून ही चित्रे वेगळी ठरतात, ती यामुळेच.

खांब मात्र सरकारी मालकीचेच. १९९०च्या दशकात भूकंपरोधक मजबुतीकरणाची योजना आली, तेव्हा चित्रांवरच गदा येण्याची भीती निर्माण झाली. रहिवाशांच्या विरोधानंतर अभियंत्यांना चित्रे वाचविणारा मार्ग शोधावा लागला. डिसेंबर २०१६ मध्ये उद्यानाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.