काठीने दाबायचा स्विच

मांडवा म्हटलं की तुमच्यापैकी निम्म्या लोकांना 'अग्निपथ' (१९९०) मधला विजय दीनानाथ चौहान आठवतो. उरलेल्यांना गेटवेहून सुटणारी लाँच आठवते, आणि जेट्टीवर उतरल्यावर अलिबागला जाणारी बस. मला मात्र आजीची वाडी आठवते, वाडीतली विहीर आठवते आणि विहिरीच्या कठड्याला टेकवून ठेवलेली एक काठी आठवते.

त्या काठीचं काम एकच, पंप चालू-बंद करणं. पंपाचा स्विच एका लोखंडी पेटीत आहे. गेल्या मे महिन्यात मी पेटीकडे हात नेला तशी आजी ओट्यावरून ओरडली, "अगं हाताने नको, चावतो तो! काठी घे."

"कधीपासून चावतो?"

"वादळापासून. तसा काही त्रास नाही, पंप छान चालतो."

मित्रहो, हा लेख आजीच्या त्या शेवटच्या वाक्यावर आहे. 'पंप छान चालतो.' तीन वर्षं इलेक्ट्रिकल शिकूनही मला त्या वाक्यातली खरी भीती त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

दिवा लागतो म्हणजे सगळं ठीक?

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. रायगड किनाऱ्यावर नारळ-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांचे पत्रे आणि कौलं उडाली, विजेचे खांब कोसळले. कित्येक गावं अनेक दिवस अंधारात होती. मग खांब पुन्हा उभे राहिले, तारा ओढल्या गेल्या आणि एका संध्याकाळी घरात दिवा लागला. सगळ्यांनी हुश्श केलं. झालं, लाईट आली!

पण आलेली लाईट ही मीटरपर्यंतची गोष्ट. मीटरपर्यंतची जबाबदारी महावितरणची, मीटरच्या पुढची आपली. भिंतीत झिरपलेलं पाणी, बोर्डात शिरलेली ओल, झाड पडून ताणली गेलेली वायर, हे कोणी बघितलं? आमच्याकडे तरी कोणीच नाही.

घराच्या वायरिंगमध्ये ढोबळमानाने तीन वायरी असतात. फेज, न्यूट्रल आणि अर्थ. फेज किंवा न्यूट्रल तुटली तर दिवा बंद पडतो, आपण लगेच वायरमनला बोलावतो. पण अर्थ तुटली तर? काहीही होत नाही! दिवा लागतो, फ्रीज चालतो, पंप पाणी ओढतो. अर्थची वायर रोजच्या कामात कशालाच लागत नाही. ती लागते फक्त बिघाड होईल त्या एका क्षणी. म्हणून ती नाही हे कळायचे दोनच मार्ग आहेत. एक, आधी तपासून बघणं. दुसरा, अपघात. घराच्या इलेक्ट्रिकल तपासणीचं कारण एका वाक्यात सांगायचं तर हेच.

आजीच्या पंपाचा हिशोब

दुसऱ्या दिवशी गावातल्या वायरमनकाकांना बोलावलं. त्यांनी मेन स्विच बंद केला, पंपाच्या वायरी सोडवल्या आणि मेगर लावला. मेगर म्हणजे ५०० व्होल्ट डीसी देऊन इन्शुलेशनचा रेझिस्टन्स मोजणारं यंत्र. आपण लॅबमध्ये रीडिंग जर्नलात उतरवून विसरून जातो, तेच. नियमाप्रमाणे रीडिंग कमीत कमी १ मेगाओहम हवं. पंपाच्या वाइंडिंगचं आलं ०.०२ मेगाओहम, म्हणजे फक्त २० हजार ओहम.

आता साधा ओहमचा नियम लावू. २३० भागिले २०,००० म्हणजे साधारण साडेअकरा मिलिअँपिअर. हिशोब ढोबळ आहे, पण अंदाज येतो. १ मिलिअँपिअरच्या आसपास झिणझिण्या जाणवतात. १० च्या आसपास स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ३० च्या वरचा करंट थोडा वेळ जरी शरीरातून गेला तरी श्वास आणि हृदय दोन्ही धोक्यात. म्हणजे आजी ज्याला 'चावतो' म्हणत होती तो हात चिकटवून ठेवणारा करंट होता. कोरडी काठी आणि पायातली चप्पल यांच्या जोरावर वर्षानुवर्षं निभावलं. पावसात काठी ओली झाली असती तर?

शिवाय इन्शुलेशन एकदा उतरणीला लागलं की आपोआप सुधारत नाही. ते पूर्ण गेलं की मध्ये फक्त माणसाचं शरीर उरतं. ओल्या अंगाचा रेझिस्टन्स हजार ओहमच्या आसपास धरला तर करंट होतो २३० मिलिअँपिअर.

पण मग हा गळणारा करंट अर्थिंगमधून जमिनीत का गेला नाही? काकांनी विहिरीमागची जमीन उकरली. अर्थिंगच्या पाइपचा वरचा भाग गंजून हातात भुगा होऊन आला. वायर केव्हाच सुटली होती. काका म्हणाले, "पोरी, अर्थिंग नसलं तरी पंप चालतो ना, म्हणून कोणी बघत नाही."

एमसीबी कोणाला वाचवतो?

"आमच्याकडे एमसीबी आहे, शॉक लागला की पडतो," असं पुष्कळ लोक म्हणतात. हा गैरसमज आहे. १६ अँपिअरचा एमसीबी १६ अँपिअरच्या वर गेल्याशिवाय हलत नाही, आणि माणसाला मारायला त्याच्या शंभराव्या भागाइतकाही करंट पुरतो. एमसीबी वायरला जळण्यापासून वाचवतो. माणसाला वाचवायला वेगळं यंत्र लागतं, आरसीसीबी. जुने लोक सरसकट ईएलसीबी म्हणतात.

ते कसं चालतं? समजा, गेटवेला लाँचमध्ये १०० माणसं चढली आणि मांडव्याला ९९ उतरली. एक कुठे गेलं? लगेच आरडाओरडा होईल, लाँच थांबवली जाईल. आरसीसीबी हीच मोजणी सतत करतो. फेजने जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलने परत आला पाहिजे. फरक ३० मिलिअँपिअरच्या घरात गेला की सेकंदाच्या छोट्याशा भागात तो सप्लाय तोडतो, कारण कमी पडलेला करंट कुठूनतरी जमिनीत जातो आहे. कदाचित कोणाच्या तरी अंगातून!

मग आरसीसीबी लावला की संपलं का? नाही. आजीच्या पंपाचा साडेअकरा मिलिअँपिअर ३० पेक्षा कमी आहे, त्याला आरसीसीबी पडला नसता. तिथे अर्थिंगच हवं. उलट, नुसतं अर्थिंगही पुरत नाही. खड्ड्याचा रेझिस्टन्स २५ ओहम असेल आणि पंपाची बॉडी थेट फेजला टेकली तर करंट होतो ९.२ अँपिअर. १६ चा एमसीबी पडणार नाही आणि बॉडी जिवंत राहील. तिथे आरसीसीबी हवा. दोन्ही लागतात.

खारा वारा

मांडव्यासारख्या गावात हे सगळं लवकर बिघडतं. समुद्रावरून येणारा वारा मिठाचे कण आणतो, ते बोर्डावर आणि सांध्यांवर बसतात, आणि मीठ अधिक ओल म्हणजे करंटला वाट. स्क्रू गंजतात, तांब्यावर हिरवट थर चढतो, सांधा सैल होतो आणि सैल सांधा तापतो. आगीची सुरुवात अशीच होते. गंमत अशी की अर्थिंगच्या खड्ड्यात आपण स्वतःच कोळसा आणि मीठ घालतो, रेझिस्टन्स कमी व्हावा म्हणून. तेच मीठ हळूहळू पाइपही खातं. म्हणजे किनाऱ्यावर अर्थिंग एकदा करून विसरायची गोष्ट नाही.

तपासणी केव्हा करायची?

१९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत तपासणीसाठी सांगितलेलं जास्तीत जास्त अंतर ५ वर्षांचं होतं. हाच आकडा घरासाठी लक्षात ठेवायला हरकत नाही. समुद्राजवळ त्याहून लवकर केलेली बरी. पण पुढच्या वेळी पाच वर्षांची वाट बघू नका:

* वादळ, पूर किंवा गळतीचं पाणी वायरिंगपर्यंत गेलं असेल तर.
* जुनं घर विकत घेताना, किंवा बरेच महिने बंद असलेलं घर उघडताना. उंदीर वायरी कुरतडतात.
* एसी, गीझर, इंडक्शन शेगडी किंवा गाडीचा चार्जर नवीन बसवताना. जुनी वायर नवा लोड झेलेल का ते बघायला हवं.
* नळाला, फ्रीजला, पंपाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर. 'थोडासाच' शॉक असं काही नसतं.
* प्लग गरम होणं, जळका वास, बोर्डातून चरचर आवाज.
* एका खोलीतला दिवा मंद आणि दुसऱ्या खोलीतला एकदम प्रखर होत असेल तर मेन बंदच करा. न्यूट्रल सैल असू शकते.
* फ्यूज वारंवार उडत असेल तर. किटकॅटमध्ये जाड तार घालणं हा उपाय नव्हे. मग फ्यूजऐवजी भिंतीतली वायर जळते.

तपासणीत काय बघतात?

सरकारी परवाना असलेला इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर बोलवा. नुसता टेस्टर लावून "सब ठीक आहे" म्हणणं ही तपासणी नाही. अर्थिंगचा रेझिस्टन्स मोजला का? मेगर लावला का? प्रत्येक थ्री-पिनमध्ये अर्थ खरोखर पोचते का आणि फेज-न्यूट्रल उलट नाहीत ना, ते बघितलं का? वायरच्या जाडीला शोभेल असाच एमसीबी आहे ना? सांधे घट्ट केले का? आरसीसीबीची चाचणी झाली का? आणि रीडिंग कागदावर लिहून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी तुलना करता येते.

एक काम मात्र आपण स्वतः करू शकतो. आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं. सप्लाय गेला पाहिजे. नाही गेला तर तो आरसीसीबी म्हणजे नुसती शोभेची वस्तू! पण लक्षात ठेवा, हे बटण फक्त आरसीसीबी तपासतं, अर्थिंग नाही.

आपल्याकडे ऑडिट बहुतेक वेळा अपघातानंतर होतं. ९ जानेवारी २०२१ ला भंडारा जिल्हा रुग्णालयातल्या आगीत १० नवजात बाळं गेली आणि त्यानंतर राज्यभर हॉस्पिटलांच्या ऑडिटचे आदेश निघाले. घराच्या बाबतीत तर असा आदेश काढणारंही कोणी नाही. तो आपणच काढायचा.

आमच्याकडे काय झालं? मोटार रिवाइंड करून आणली, नवीन खड्डा केला, आरसीसीबी बसवला. सगळा खर्च धरूनही मी हट्टाने मागितलेल्या मोबाइलपेक्षा कमी. लोखंडी पेटी जाऊन प्लास्टिकची आली. मी आजीला स्विच हाताने दाबून दाखवला. ती जरा वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "हे तुला कॉलेजात शिकवतात? मग इतकी वर्षं काठी बघत होतीस ना?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी दर सुट्टीत ती काठी बघत होते.

तर मंडळी, गणपतीला आपल्यापैकी पुष्कळ जण गावी जातील. भर पावसाचे दिवस, त्यात मखराची रोषणाई आणि जोडून-जोडून वाढवलेल्या वायरी. या वेळी दोन-चार दिवस आधी जा. घरात कुठे एखादी काठी ठेवलेली आहे का, ते बघा. कुठला नळ चावतो, कुठल्या फ्रीजसमोर पायपुसणं का घातलंय, ते विचारा. घरचे सांगतील, "तसा काही त्रास नाही, छान चालतो." तेव्हा वायरमनला फोन करा.