बॉनचे वार्तापत्र : अभ्यासक्रमाचे माप

बॉन, जर्मनी



मागील आठवड्यात मुळशी तालुक्याच्या माले खोऱ्यातील एक तरुण आपल्या पदवी अभ्यासक्रमाच्या साक्षांकित प्रतींचा गठ्ठा घेऊन माझ्या बिऱ्हाडी आला. येथील एका विद्यापीठात भूगोलाच्या पदव्युत्तर वर्गास त्याने अर्ज केला असून, पूर्वी शिकलेल्या प्रत्येक पेपराचा तपशील विभागाने त्याच्याकडून मागविला आहे. मी ती पाने चाळली. कोपऱ्यात महाविद्यालयाचा निळा गोल शिक्का, त्याखाली प्राचार्यांची सही, चार घटक, प्रत्येकापुढे तासिकांची संख्या आणि शेवटी शिफारस केलेल्या ग्रंथांची यादी, असा अनेक वर्षे अध्यापन केलेल्या माझ्यासारख्याच्या ओळखीचाच तो मजकूर होता. मृदेच्या प्रकरणात ‘मृदेची धूप : कारणे, प्रकार व उपाय’ एवढी एकच ओळ होती. त्या एका ओळीपोटी या मुलाने ताम्हिणीच्या उतारावर लोखंडी सळया रोवून, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर मातीचा थर किती खाली गेला याचे मोजमाप सलग दोन वर्षे केले होते. परंतु त्या पानावर त्याचा मागमूस नव्हता.

येथील विद्यापीठांत प्रत्येक पेपराची माहिती ज्या पुस्तिकेत असते तिला ‘मोडूलहांडबूख’ म्हणतात. तिच्यातील पानावर विषयांची यादी असतेच, परंतु हा पेपर पुरा केल्यावर विद्यार्थ्यास काय करता आले पाहिजे, परीक्षा तोंडी की लेखी, आणि मुख्य म्हणजे विद्यार्थ्याचे किती तास त्यात जावेत, हेही स्पष्ट लिहिलेले असते. पंधरा आठवडे, आठवड्यास चार तास, म्हणजे वर्गात ६०, घरी अथवा ग्रंथालयात १२०, एकूण १८० तास आणि ३० तासांस एक याप्रमाणे ६ श्रेयांक, असा तो हिशेब. आमच्या पेपरासही ६० तासिकाच होत्या. पण पंधरा तासिकांस एक श्रेयांक हे आमचे माप असल्यामुळे तोच पेपर आमच्या कागदावर ४ श्रेयांकांचा ठरतो. तीन वर्षांची पदवी जर्मनीत १८० श्रेयांकांची, इंग्लंडात ३६० ची, आणि आमच्याकडे नव्या आराखड्याप्रमाणे १२० ची. त्याच १२० श्रेयांकांस अमेरिकेत चार वर्षे लागतात. पायलीने मोजलेल्या आंबेमोहोराचा आकडा किलोच्या रकान्यात लिहावा, तसा हा प्रकार आहे.

या देशात शिक्षण हा मुख्यत्वेकरून सोळा घटकराज्यांचा अधिकार आहे. त्या राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांची परिषद १९४८ पासून चालत आली असून, परदेशी शिक्षणाचा विचार करणारे तिचे कार्यालय याच बॉन शहरात आहे. जगभरच्या विद्यापीठांची व पदव्यांची नोंद असलेले ‘आनाबिन’ नावाचे दप्तर ते सांभाळते व ते कोणासही पाहता येते. परंतु त्यावरून संस्थेचा आणि पदवीचा दर्जा तेवढा कळतो. अमुक पेपर येथील अमुक पेपराच्या तोडीचा आहे की नाही, याचा निवाडा त्या त्या विद्यापीठाची समिती करते, आणि तिच्यापुढे मुख्य पुरावा असतो तो अभ्यासक्रमाच्या पानाचाच.

हा निवाडा कोणत्या तत्त्वाने करावा, हे मला या देशात पाहावयास मिळालेल्या गोष्टींपैकी सर्वांत आदरणीय वाटले. एप्रिल १९९७ मध्ये लिस्बन येथे झालेल्या करारान्वये युरोपीय राष्ट्रांनी असे मान्य केले की, परदेशी शिक्षण आपल्याहून निराळे आहे एवढ्या कारणावरून ते नाकारता येणार नाही. फरक मूलगामी असला पाहिजे, आणि तो तसा आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी नाकारणाऱ्यावर राहील. भारत या कराराचा पक्षकार नाही. तथापि ज्या राज्यात बॉन वसले आहे त्या उत्तर ऱ्हाइन-वेस्टफालियाच्या विद्यापीठ-कायद्याने हाच दंडक परदेशी विद्यापीठांतील परीक्षांसही लावला आहे. अर्थात, ज्याची तुलना करावयाची ते कागदावर नसेल, तर न्यायबुद्धीच्या समितीचाही इलाज चालत नाही.

त्याच १९९७ साली आपल्या तालुक्यात पौडजवळच्या खुबवलीच्या टेकडीवर युनायटेड वर्ल्ड कॉलेज सुरू झाले. कुर्ट हान या जर्मन शिक्षणतज्ज्ञाच्या विचारांतून या मालिकेतील पहिले महाविद्यालय १९६२ साली वेल्समध्ये निघाले होते. त्या टेकडीवरच्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा अभ्यासक्रम जगातील विद्यापीठे ओळखतात. टेकडीखालच्या मुलास मात्र आपण काय शिकलो ते पानोपानी पटवून द्यावे लागते, याचे मला मनापासून दुःख होते.

परंतु येथले माप जसेच्या तसे उचलून नेण्याचाही मी पुरस्कार करणार नाही. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने आपल्याकडेही एका श्रेयांकास ३० तास ठरविले आहेत व वर्षास ४० श्रेयांक, म्हणजे १२०० तास, धरले आहेत. जर्मनीत वर्षास ६० श्रेयांक, म्हणजे १८०० तासांपर्यंत. तासांचे माप एक झाले, पण वर्षाचे तेच राहिले नाही; आणि त्यामुळे आमची तीन वर्षांची पदवी त्यांच्या दोन वर्षांएवढी दिसू लागण्याचे भय उत्पन्न झाले आहे. येथील १२० तासांच्या स्वाध्यायामागे रात्री उशिरापर्यंत उघडे असणारे ग्रंथालय आहे, आणि गरजू विद्यार्थ्यास निर्वाहासाठी सरकारी साहाय्य आहे. माल्याहून एस.टी.ने येणाऱ्या आणि आषाढात भातलावणीस घरी राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या वर्षात ते तास आपोआप सापडणार नाहीत. आणि तो उतारावर माती मोजतो तेव्हा घालविलेले तास मात्र कोणत्याच रकान्यात पडत नाहीत. हे तास मोजले जावेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

त्या तरुणाच्या प्रात्यक्षिकाची वही घरी फडताळात होती. वडिलांनी ती टपालाने धाडली असून समितीने ती पाहण्याचे कबूल केले आहे. त्याच्या आधी आलेल्या एका मुलीस जुना अभ्यासक्रमच मिळाला नाही. नवा आला तेव्हा जुना रद्दीत गेला, असे तिला कळविण्यात आले.

म्हणून तालुक्यातील प्राचार्यांस व अभ्यासमंडळांच्या सभासदांस माझी विनंती आहे : प्रत्येक पेपराच्या पानावर क्षेत्रकार्याचे व स्वाध्यायाचे तास लिहावे, विद्यार्थ्यास काय करता आले पाहिजे ते लिहावे, आणि रद्द झालेला प्रत्येक अभ्यासक्रम वर्षवार बांधून दप्तरी जपून ठेवावा.