पडद्यावरील अक्षरांची सजावट

पंचांगाचे कोणतेही पान उघडून पाहावे. तिथी, वार, नक्षत्र यांचे रकाने उभ्या रेषांनी वेगळे केलेले असतात, आणि सणासुदीचे दिवस पुष्कळदा तांबड्या शाईत छापलेले असतात. या रेषा आणि हा रंग काढून टाकला, तर मजकुरातील एक अक्षरही कमी होणार नाही. परंतु त्यातून हवा तो दिवस शोधून काढणे मात्र मोठे कष्टाचे होईल. मजकुराची मांडणी हा अर्थाचाच एक भाग असतो, हे यावरून ध्यानात येते.

छापखान्यात रेषेसाठी धातूची पट्टी बसविता येते आणि रंगासाठी दुसरी शाई घेता येते. संगणकाच्या ज्या पडद्याला 'टर्मिनल' म्हणतात, त्याची स्थिती निराळी आहे. तेथे आज्ञा अक्षरांत लिहावयाची आणि उत्तरही अक्षरांतच मिळावयाचे. आज्ञावलीकडून टर्मिनलकडे एकामागून एक संकेतांची एकच रांग जात असते. मग रंग, ठळकपणा आणि चौकटी या रांगेतून पोचतात तरी कशा?

टेलिप्रिंटरचा वारसा

आरंभीच्या काळात टर्मिनलचे काम टेलिप्रिंटर करीत असे. १९६३ साली निघालेले 'टेलिटाइप मॉडेल ३३' हे यंत्र सेकंदाला दहा अक्षरे या वेगाने कागदावर छपाई करी व एका ओळीत बहात्तर अक्षरे बसवी. त्याच वर्षी 'आस्की' नावाची संकेतसारणी प्रसिद्ध झाली व १९६७ साली तिच्यात सुधारणा झाली. या सारणीत एकंदर १२८ संकेत आहेत. त्यांपैकी ९५ संकेत अक्षरे, अंक, विरामचिन्हे व कोरी जागा यांचे आहेत. उरलेले ३३ संकेत छापावयाचे नसून यंत्राला हुकूम देण्यासाठी आहेत. सातव्या संकेताने घंटा वाजे, दहाव्याने कागद एक ओळ पुढे सरके आणि तेराव्याने छपाईचा भाग ओळीच्या आरंभी परत येई.

याच हुकमांत सत्ताविसावा संकेत 'एस्केप' हा आहे. 'यापुढील काही चिन्हे मजकूर समजू नये, ती सूचना समजावी', असा त्याचा अर्थ. कागदाची जागा काचेच्या पडद्याने घेतल्यावर या संकेताचे महत्त्व फार वाढले. सूचना कशा लिहावयाच्या याविषयीचे 'ईसीएमए-४८' हे प्रमाण १९७६ साली प्रथम प्रसिद्ध झाले. १९७८ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने काढलेल्या 'व्हीटी-१००' या टर्मिनलमुळे ही पद्धत सर्वत्र रूढ झाली. ऐंशी रकाने व चोवीस ओळी ही या टर्मिनलची नेहमीची मांडणी होती.

सूचनेची रचना सोपी आहे. प्रथम एस्केप, नंतर चौकटी कंसाचे उघडणारे चिन्ह, मग एखादा अंक आणि शेवटी रोमन लिपीतील 'एम्' हे लहान अक्षर. अंक १ असेल तर पुढील अक्षरे ठळक होतात, ४ असेल तर अधोरेखित, ३१ असेल तर तांबडी, ३२ असेल तर हिरवी. ० या अंकाने सर्व सजावट रद्द होऊन अक्षरे पूर्ववत् होतात. मूळच्या योजनेत आठ रंग होते. पुढे २५६ झाले, आणि आजची बहुतेक टर्मिनले एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक छटा दाखवू शकतात.

'रिच' ही लायब्ररी

हे संकेत हाताने लिहीत बसणे त्रासाचे असते. शेवटचे शून्य विसरले, की त्यानंतरचा सारा मजकूर तांबडा होऊन बसतो. म्हणून असली कामे करणाऱ्या तयार आज्ञावलींचे संच रचले गेले. अशा संचाला 'लायब्ररी' म्हणतात. गिडो व्हान रॉसम यांनी निर्माण केलेली व १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झालेली 'पायथॉन' ही संगणकभाषा अशा संचांनी समृद्ध आहे. त्यांपैकी विल मॅकगुगन यांनी रचलेली 'रिच' ही लायब्ररी टर्मिनलवरील सजावटीसाठी विशेष प्रसिद्ध आहे.

रिच वापरणाऱ्याला अंक पाठ करावे लागत नाहीत. शब्दाच्या आधी चौकटी कंसात 'ठळक' व 'तांबडा' या अर्थाचे इंग्रजी शब्द लिहिले आणि शब्द संपल्यावर कंस मिटविण्याची खूण केली, की योग्य ते संकेत लायब्ररी स्वतःच घालते. टर्मिनलला थोडेच रंग ठाऊक असतील, तर मागितलेल्या छटेच्या जवळचा रंग ती निवडते.

तिचे खरे कौशल्य तक्त्यात दिसते. तक्त्याचा प्रत्येक रकाना केवढा रुंद हवा हे ठरविण्यासाठी ती त्यातील सर्व नोंदी मोजते. रकान्यांची बेरीज पडद्याहून अधिक भरली, तर ती रकाने अरुंद करून लांब मजकूर खालच्या ओळीत उतरविते. आखूड नोंदींपुढे कोऱ्या जागा भरून सर्व ओळी सारख्या करते. शेवटी रेषा येतात. या रेषाही अक्षरेच आहेत. 'युनिकोड' या जागतिक संकेतसारणीत आडवी रेषा, उभी रेषा, कोपरे व छेद यांसाठी १२८ चिन्हे राखून ठेविली आहेत; ती एकमेकांना चिकटून ठेवली, की चौकट तयार होते.

सजावट कोठे थांबवावी

सजावटीचे संकेत मजकुराच्याच रांगेतून जात असल्यामुळे एक धोका संभवतो. तोच मजकूर पडद्याऐवजी एखाद्या फायलीत साठविला किंवा दुसऱ्या आज्ञावलीकडे पाठविला, तर सूचनाही मजकुरात मिसळून जातात. नावांची यादी मागावी आणि प्रत्येक नावाच्या मागेपुढे कंस व अंक यावेत, असा प्रकार होतो. यासाठी पायथॉनमध्ये 'समोर टर्मिनल आहे काय?' असे विचारण्याची सोय आहे. उत्तर नकारार्थी आले, तर रिच रंगांचे संकेत गाळून टाकते. ज्यांना रंग मुळीच नको असतील, त्यांच्यासाठी 'नो कलर' हा संकेत २०१७ पासून रूढ झाला आहे. रिच तोही पाळते.

रंगाच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. काही माणसांना तांबडा व हिरवा यांतील भेद जन्मतःच स्पष्ट दिसत नाही. असा दोष स्त्रियांपेक्षा पुरुषांत पुष्कळ अधिक आढळतो. म्हणून चूक झाल्याचे केवळ तांबड्या रंगाने सुचविणे पुरेसे नाही; तेथे 'चूक' हा शब्दही असावा.

देवनागरीची रुंदी

भारतीय भाषांच्या दृष्टीने सर्वांत कठीण प्रश्न मोजमापाचा आहे. टर्मिनलचा पडदा बुद्धिबळाच्या पटासारखा सारख्या घरांत विभागलेला असतो. रोमन लिपीत एका अक्षराला एक घर, हा हिशेब सरळ आहे. देवनागरीत तसे नाही. 'मराठी' हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो. युनिकोडमध्ये मात्र म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी असे त्याचे पाच संकेत होतात, आणि 'यूटीएफ-८' या पद्धतीने साठविल्यास तो पंधरा बाइट जागा घेतो. 'कोल्हापूर' या शब्दात डोळ्यांना चार अक्षरे दिसतात; संकेत मात्र नऊ असतात, कारण जोडाक्षरातील 'ल'चा पाय मोडणारे चिन्हही वेगळे मोजले जाते.

याचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. गावांच्या नावांचा रकाना दहा घरांचा करावयाचा आहे, असे समजा. पायथॉनची साधी सोय वापरली, तर ती संकेत मोजते. 'पुणे' या शब्दाचे चार संकेत भरतात, म्हणून ती पुढे सहा कोऱ्या जागा घालते. परंतु उकार व मात्रा स्वतंत्र घर घेत नाहीत. त्यामुळे पडद्यावर 'पुणे' दोनच घरांत मावते. एकूण घरे आठ झाली, आणि त्या ओळीतील उभी रेषा दोन घरे डावीकडे सरकली! रिच संकेतांऐवजी घरे मोजण्याचा प्रयत्न करते, म्हणून तिचा तक्ता अधिक नीट येतो. तथापि काना व वेलांटी यांना काही टर्मिनले एक घर देतात, काही देत नाहीत. जोडाक्षरांच्या बाबतीतही एकवाक्यता नाही. लायब्ररीचे माप आणि टर्मिनलचे माप जुळले नाही, तर उत्तम आज्ञावलीचाही तक्ता वाकडा दिसतो.

यावर आज करता येण्यासारखे उपाय साधे आहेत. देवनागरी मजकुराचा रकाना शेवटी ठेवावा, म्हणजे त्याच्या उजवीकडे बिघडण्यासारखे काही उरत नाही. अंकांचे रकाने आधी घ्यावेत. देवनागरी अंक एकेकच घर घेतात, त्यामुळे ते नीट एकाखाली एक येतात. रिचमध्ये केवळ आडव्या रेषांच्या चौकटीही आहेत. त्यांत उभी रेषा नसल्याने ती सरकण्याचे भय नाही. आणि ज्या पडद्यावर तक्ता वाचला जाणार, त्याच पडद्यावर तो एकदा पाहून घ्यावा.

टेलिप्रिंटरसाठी आखलेल्या संकेतसारणीत काना, मात्रा, वेलांटी यांचा विचार नव्हता. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालापासून स्थान आहे. आता अक्षर ओळखले जाते, पण त्याची रुंदी अजून सर्वत्र सारखी मोजली जात नाही. या विषयातील आज्ञावली बहुधा सर्वांना वाचण्यास व सुधारण्यास खुल्या असतात. शाळेतील एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या वर्गाची यादी छापून पाहिली, कोणत्या नावापाशी रेषा सरकते ते नीट टिपले आणि ती नोंद आज्ञावली रचणाऱ्यांना कळविली, तर या कामाला त्याचाही हातभार लागेल.