सात माणसं, पन्नास रुपये आणि तीनशे साठ दिवस

17 जानेवारी 1995ला पहाटे 5 वाजून 46 मिनिटांनी जपानमधलं कोबे शहर हादरलं. 6,434 माणसं गेली. एक लाखाहून जास्त घरं जमीनदोस्त झाली, तीन लाखांहून जास्त लोक शाळांत आणि सभागृहांत राहायला आले. मग देशभरातून माणसं निघाली. पहिल्या महिन्यात रोज सरासरी 20 हजार, आणि वर्षभरातल्या हजेरीची बेरीज 13 लाख 77 हजार. विद्यार्थी होते, गृहिणी होत्या, रजा टाकून आलेले नोकरदार होते. कुणी बोलावलं नव्हतं.

त्यांनी जे गट उभे केले त्यांना कायद्याच्या लेखी अस्तित्वच नव्हतं. गटाच्या नावाने बँकेत खातं उघडता येईना, भाड्याने जागा घेता येईना. सगळं कुणा एकाच्या स्वतःच्या नावावर, आणि तो माणूस उद्या गेला तर त्या पैशावर वारसांचा हक्क. कारण जपानची दिवाणी संहिता 1898 साली लागू झालेली. लोकहिताची संस्था काढायची तर संबंधित मंत्रालयाची परवानगी हवी, आणि ती द्यायची की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर. कोट्यवधी येनची ठेव दाखवा, असंही सांगितलं जाई. परिणाम असा की शंभर वर्षांच्या राजवटीत, साडेबारा कोटींच्या देशात, अशा संस्था जेमतेम 26 हजार झाल्या.

मार्च 1998मध्ये नवा कायदा मंजूर झाला. तो सरकारी खात्याने नव्हे, खासदारांनी मांडला, आणि त्याच्या पाठीशी भूकंपाच्या आधीपासून याच मागणीसाठी एकत्र आलेल्या नागरिकांचे गट होते. तयारीला तीन वर्षं लागली, पण बदल मुळापासून झाला. दहा सभासद जमवा, ठेवीची अट नाही. अर्ज दोन महिने लोकांसाठी खुला राहील, त्यानंतरच्या दोन महिन्यांत निर्णय झालाच पाहिजे. अटी पुऱ्या असतील तर अधिकाऱ्याला नाही म्हणता येणार नाही, आणि नाही म्हणायचंच असेल तर कारण लेखी द्यावं लागेल. पुढच्या एकोणीस वर्षांत या कायद्याखाली 51 हजारांहून जास्त संस्था नोंदल्या गेल्या. जुन्या पद्धतीने शतकात जेवढ्या झाल्या त्याच्या जवळजवळ दुप्पट. माणसं तीच होती, कळकळही तीच.

मला त्यातली सगळ्यात आवडते ती 2011ची दुरुस्ती. देणगीदाराला करसवलत कोणत्या संस्थेमुळे मिळावी, हा प्रश्न सहसा अधिकारी सोडवतात. जपानने एक वेगळी वाटही ठेवली: वर्षाला सरासरी शंभर जणांनी प्रत्येकी किमान 3,000 येन दिले असतील तर संस्था लोकाश्रयाच्या कसोटीला उतरली. शंभर साध्या माणसांच्या देणग्यांना कायद्याने पुराव्याचं मोल दिलं.

आता आपल्याकडे या. भारतातला संस्था नोंदणी कायदा 1860चा. सात माणसं, एक घटनापत्र, आणि मूळ कायद्यात लिहिलेली फी पन्नास रुपये. दार इतकं मोकळं की केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2012च्या अहवालात मोजल्या तेव्हा नोंदी निघाल्या 31 लाख 74 हजार. त्यातल्या 22 लाख 39 हजार पत्त्यांवर माणसं पाठवली, तर सापडल्या 6 लाख 95 हजार. बाकीच्या पंधरा लाखांहून जास्त फक्त कागदावर. 2015मध्ये सीबीआयने सर्वोच्च न्यायालयाला दिलेल्या आकड्यांवरून देशात दर 400 माणसांमागे एक संस्था होती, पोलीस मात्र 709 माणसांमागे एक. वार्षिक हिशेब देणाऱ्या संस्था दहा टक्क्यांहूनही कमी. महाराष्ट्रात आणखी 1950चा विश्वस्त कायदा आहे. ट्रस्टी बदलला की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट भरायचा, आणि मग त्याच्या मंजुरीची वर्षानुवर्षं वाट बघायची.

या गर्दीत शिस्त हवी हे कुणीही मान्य करील. पण बडगा पडला तो परदेशी देणग्या घेणाऱ्या संस्थांवर, ज्यांचे हिशेब आधीपासून दरवर्षी गृहमंत्रालयात जात होते. 20 सप्टेंबर 2020ला, करोनाच्या ऐन लाटेत, परदेशी देणग्यांच्या कायद्याचं दुरुस्ती विधेयक लोकसभेत आलं, 23 तारखेला राज्यसभेत मंजूरही झालं. चार दिवस. जपानला तीन वर्षं लागली होती. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20वर आली. एका संस्थेने दुसरीला परदेशी निधी देणं पूर्ण बंद झालं. म्हणजे शहरातल्या मोठ्या संस्थेमार्फत डोंगरातल्या छोट्या गटापर्यंत पोचणारा पैसा आटला. चौकशीसाठी नोंदणी 180 दिवस स्थगित ठेवता येत होती, ती आता 360 दिवस ठेवता येते. तेवढ्या काळात शिल्लक निधीतला फार तर चौथा हिस्सा, तोही परवानगीने, वापरता येतो. वर्षभर पगार कुठून द्यायचे?

आणि देशातल्या प्रत्येक संस्थेचा परदेशी निधी आधी एकाच बँक शाखेत यायला हवा: स्टेट बँक, नवी दिल्ली, 11 संसद मार्ग. 2021-22 साली देशात असा निधी आला 22,085 कोटी, म्हणजे दिवसाला साठ कोटी.

31 डिसेंबर 2021च्या मध्यरात्रीपूर्वी परदेशी निधी घेण्यासाठी नोंदणीकृत संस्था 22,762 होत्या. दुसऱ्या दिवशी 16,829. एका रात्रीत 5,933 कमी. बहुतेकांनी नूतनीकरणाचा अर्जच केला नव्हता, असं सरकारने सांगितलं. मिशनरीज ऑफ चॅरिटीने मात्र केला होता. त्यांना 25 डिसेंबरला, ऐन नाताळात, नकार मिळाला. कारण एवढंच की 'प्रतिकूल माहिती' आली. ती काय हे लोकांपुढे आलं नाही, आणि दोन आठवड्यांच्या आत नोंदणी परतही मिळाली. एप्रिल 2022मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरवली. परदेशी देणगी मिळवणं हा निरपवाद हक्क नाही, असं न्यायालय म्हणालं. ते मान्य करूनही विचारावंसं वाटतं: नाकारताना कारण लेखी आणि पूर्ण द्या, मुदतीत निर्णय द्या, गोठवण्याआधी संस्थेचं ऐका, यातलं काय देशाच्या सुरक्षेला धोकादायक आहे? कागदावरच्या पंधरा लाख नोंदी शोधून रद्द करायला चार दिवसांचा कायदा लागत नाही, त्यासाठी धर्मादाय आणि निबंधक कार्यालयांत माणसं भरावी लागतात.

परदेशी देणगी घेण्याची नोंदणी पाच वर्षांची असते. 1 जानेवारी 2022पासून जिचं नूतनीकरण लागू झालं, तिची मुदत 31 डिसेंबर 2026ला संपते.