डब्यातल्या माश्या मोजताना

"वहिनी, आंबे दिसायला छान होते हो, पण चिरले तर आत अळ्या!" फोनवर हे ऐकलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या बचत गटानं पहिल्यांदाच हापूसच्या पेट्या थेट पुण्याला पाठवल्या होत्या. वरून डाग नाही, मग आत अळी आली कुठून?

कृषी सहायकांनी उलगडा केला. ही करणी फळमाशीची. तयार होत आलेल्या फळाच्या सालीखाली मादी अंडी घालते. टोचल्याची खूण नजरेला दिसतही नाही. दोन-तीन दिवसांत अळ्या निघून गर खाऊ लागतात. मोठ्या झाल्या की बाहेर पडून जमिनीत कोष करतात. आतल्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही. आणि काढणीच्या तोंडावर मारलेलं औषध जाणार कुणाच्या पोटात? आपल्याच पोरांच्या ना!

उपाय मिळाला तो सापळ्याचा. बोलताना सगळे त्याला कामगंध सापळाच म्हणतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा असाच. आत मिथाइल युजेनॉल असतं. हा मादीचा गंध नव्हे, पण नरमाश्या त्याच्यामागे वेड्या होतात. आपल्या तुळशीतही हे द्रव्य असतं बरं का! बिहारमधल्या पुसा इथे हाउलेट या कीटकशास्त्रज्ञाने 1912 साली सिट्रोनेला तेलाकडे फळमाश्या येतात हे नोंदवलं आणि 1915 पर्यंत त्यामागचं मिथाइल युजेनॉलही शोधलं. नर अडकले की माद्यांचं मीलन घटतं, पुढची पिढी कमी होते.

"डबे टांगून माश्या जातात होय?" शेजारच्या काकू हसल्या. तरी आम्ही चार बागांत सावलीच्या फांद्यांना, हाताला येतील असे सापळे टांगले. दर सोमवारी माश्या मोजायच्या आणि वहीत आकडा लिहायचा.

तिसऱ्या आठवड्यात वही बोलू लागली. तीन बागांत आकडा थोडा, काकूंच्या बागेत मात्र भरमसाट! बघतो तर काय, गोठ्यामागे पडीच्या आंब्यांचा ढीग. माश्यांचं बाळंतघरच ते! सापळ्यानं चुगली केली आणि काकू ओशाळल्या. त्या दिवसापासून सगळ्यांनीच पडीची फळं रोज वेचून खोल खड्ड्यात पुरायची, असं ठरलं.

अळ्या अगदी संपल्या का? नाही. म्हणून पेटी भरण्याआधी प्रत्येक बागेतले चार आंबे आम्ही पिकवून चिरून बघतो. पण त्या हंगामात तक्रारीचा एकही फोन आला नाही. फळमाशीला हलकं समजू नका. 2014 च्या मे महिन्यात युरोपीय संघानं भारतीय आंब्यावर बंदी घातली ती हिच्यामुळेच; 2015 च्या सुरुवातीला ती उठली.

मैत्रिणींनो, दारात आंब्याची किंवा पेरूची चार झाडं असतील तरी सापळा लावून बघा. आमिषाला उघडा हात लावू नका आणि पाकिटावरची मुदत संपली की ते बदला. कारली-काकडीच्या मांडवाला मात्र क्यू-ल्युअरचा वेगळा सापळा लागतो.

आता सोमवारची वही काकूच सांभाळतात. आकडा वाढला, की सगळ्यांच्या आधी त्याच टोपली घेऊन बागेत उतरतात.